टिटवीच्या माळाला घातलेला वळसा

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी, एका मोठ्या माळाच्या कडेला एक गाव होतं. गावात काळ्या दगडाचं छोटं चर्च होतं आणि त्याच्या भोवती ख्रिस्ती मंडळींची घरं होती. कुणी विणकर, कुणी गवंडी, कुणी शेतावर राबणारे. त्यातल्याच एका घरात मार्था आणि तबिथा या दोघी जावा राहत.

मार्था थोरली. तिचा नवरा एका उन्हाळ्यात तापाने गेला. माळापलीकडच्या सेवाश्रमात त्याचे शेवटचे दिवस गेले. तिथल्या सेविकांनी त्याला घरच्यासारखं सांभाळलं, पण तो वाचला नाही. त्यानंतर मार्था रविवारी चर्चमध्ये जाई, शेवटच्या बाकावर बसे आणि उपासना संपली की उठून येई. सगळे गात असताना तिचे ओठ मिटलेले असत. तबिथाने एकदा विचारलं, तर म्हणाली, देवावर राग नाही गं, पण त्याच्याशी बोलायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

एका वर्षी ईस्टरच्या आधी मोठं वादळ झालं आणि सेवाश्रमाचं छप्पर उडालं. कौलं फुटली, आजारी माणसं भिंतीच्या आडोशाला झोपू लागली. पावसाळा दोन महिन्यांवर आला होता. तेव्हा गावचे पाळक शमुवेल मदत मागायला पंचक्रोशीच्या इनामदारांकडे गेले. इनामदार मनाने वाईट नव्हते, पण त्यांना लोकांच्या बोलण्याचा भरवसा नव्हता. त्यांनी सांगितलं, तुमची सगळी मंडळी, म्हातारेकोतारे धरून, एका दिवसात पायी चालत आश्रमापर्यंत या. सूर्य मावळायच्या आत सगळे पोचलात, तर साऱ्या छपराची कौलं माझ्याकडून.

गावाने ते मान्य केलं. ईस्टरनंतरचा शनिवार ठरला आणि मंडळी चालायचा सराव करू लागली. संध्याकाळी कामं उरकली की सगळे गावाभोवतीच्या बैलगाडीच्या रस्त्याने एकत्र जात. हसत, गप्पा मारत, एकमेकांच्या वहाणांची थट्टा करत.

मार्थाला ती गर्दी नकोशी वाटे. ती पहाटे एकटीच माळावर चालायला जाई. खाली मान घालून, भराभर, जणू कुणी मागे लागलं आहे. आश्रमाचे उपकार फेडायचे, एवढंच तिच्या मनात असे.

एका पहाटे तिच्या अगदी पुढ्यातून एक टिटवी किंचाळत उठली. टिटवीचं ओरडणं अशुभ म्हणून लोक तिला हुसकतात. मार्थानेही हात उगारला. पण पक्षी उडून जाईना. तो पुन्हा खाली उतरला, पंख पसरून तिच्या पायांसमोर उभा राहिला आणि जीव खाऊन ओरडू लागला. मार्था थबकली. खाली वाकून पाहिलं तर तिच्या पावलापासून हातभर अंतरावर, उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. ना काटक्या, ना गवत, ना झाडाची सावली.

ती हळूच मागे सरली आणि एका दगडावर बसून राहिली. थोड्या वेळाने टिटवी परत आली, पोटाखाली अंडी घेऊन बसली. ऊन चढलं तेव्हा ती अंड्यांवर सावली धरून उभी राहिली.

त्या दिवसापासून मार्थाचं चालणं बदललं. ती पाऊल टाकण्याआधी जमीन बघू लागली. मग तिला दिसलं की माळ मुळीच ओसाड नाही. जागोजागी टिटव्यांची अंडी होती. गवताच्या झुबक्यांत चंडोलांची घरटी होती. करवंदीच्या जाळीला पांढरी फुलं आली होती आणि त्यांचा वास पहाटेच्या गारव्यात दूरवर येत होता. इतकी वर्षं आपण हा माळ तुडवला आणि पाहिला मात्र नाही, याचं तिला नवल वाटलं. घरी येताना एकदा तिच्या तोंडून सहज निघालं, "देवा, हे सगळं तू सांभाळतोस होय." म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्याशी बोललो.

शनिवार उजाडला. चर्चची घंटा झाली, पाळकसाहेबांनी लाकडी क्रूस हातात घेतला आणि सगळं गाव निघालं. लेकुरवाळ्या बाया, काठी टेकणारे म्हातारे, पाण्याच्या घागरी लादलेल्या दोन बैलगाड्या. माळ सरळ ओलांडला की दुपार कलेपर्यंत आश्रम येणार होता. ओढ्याकाठचा वळसा घेतला तर अंधार व्हायची भीती होती.

मार्थाला वाटलं होतं, सगळे माळाच्या बाजूच्या पायवाटेने एकामागोमाग जातील. पण गाड्या पायवाटेवरून जाईनात आणि माणसं सगळ्या माळभर पसरू लागली. मार्था झपझप पुढे गेली आणि पाळकसाहेबांच्या समोर उभी राहिली.

तिने सांगितलं की माळावर ठिकठिकाणी पक्ष्यांची अंडी आहेत, ती डोळ्यांना दिसत नाहीत, एवढी माणसं आणि गाड्या गेल्या तर एकही उरणार नाही. आपण वळशाने जाऊ.

मंडळीत कुजबुज सुरू झाली. दाविदबाबा मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच होते आणि शब्दाचे सरळ. ते म्हणाले, "मार्था, आजारी माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही. पाखरांच्या अंड्यांसाठी ते घालवायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. मार्थाला त्याच आश्रमातली नवऱ्याची खाट आठवली. तरी ती बाजूला झाली नाही.

"बाबा, ज्याने आपल्याला आजाऱ्यांसाठी धाडलं, त्यानेच ही पाखरं इथे ठेवलीत. एकाचं घर मोडून दुसऱ्याचं शाकारायचं, हे मला पटत नाही. वळशाने गेलो तर वेळेत पोचू की नाही, ते मला ठाऊक नाही. पण तुमचा हात धरून मी शेवटपर्यंत चालेन."

दाविदबाबांनी माळाकडे पाहिलं. मग पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी क्रूस खांद्यावर घेतला आणि ओढ्याची वाट धरली. मागोमाग गाव वळलं.

ती वाट कठीण निघाली. दगडधोंडे होते, चढउतार होते, ऊन तापलं होतं. दाविदबाबांच्या पायांना गोळे येऊ लागले. मार्थाने दिलेला शब्द पाळला. एका हाताने तिने त्यांना धरलं, दुसऱ्या हाताने एका लेकुरवाळीचं गाठोडं घेतलं. माणसं गप्प झाली, पावलं जड झाली. तेव्हा मागून गाण्याचा आवाज आला. साधंच, रविवारी सगळे म्हणत ते भक्तिगीत. तबिथाने वळून पाहिलं, तर तिची थोरली जाऊ गात होती. तबिथाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनेही सूर धरला. मग सगळ्यांनी.

ओढ्याच्या काठाने कुंभारांची वाडी लागली. एरवी माळावरून सरळ जाणाऱ्या गावकऱ्यांचा या वाडीशी कधी संबंध आला नव्हता. गाणं ऐकून कुंभार बाहेर आले. कुठे निघालात, कशासाठी निघालात, एवढं लांबून का, अशी त्यांनी चौकशी केली. लोकांनी सांगितलं. कुंभारणींनी म्हाताऱ्यांना माठातलं पाणी आणि गूळ दिला. त्या वाडीत कौलं भाजण्याची भट्टी होती.

मंडळी आश्रमाच्या दाराशी पोचली तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला होता. एकही माणूस मागे राहिला नव्हता, पण वेळ टळली होती. दारात उभ्या असलेल्या इनामदारांनी कारण विचारलं. मार्था पुढे होऊन म्हणाली, "उशीर माझ्यामुळे झाला. यांना बोल नको."

इनामदारांनी सारं ऐकून घेतलं. शब्द तो शब्द, असं म्हणून ते घोड्यावर बसून निघून गेले. त्या रात्री मंडळी आश्रमाच्या अंगणात झोपली. मार्थाला कुणी एका शब्दानेही दुखावलं नाही. दाविदबाबांनी तर आपलं घोंगडं तिला दिलं.

सकाळी उपासना चालू असताना गाड्यांचा खडखडाट ऐकू आला. कुंभारवाडीच्या गाड्या होत्या, पेंढ्यात नीट रचलेली कौलं भरून. वाडीच्या म्होरक्याने पागोटं सावरून नमस्कार केला आणि म्हणाला, "पाखरांसाठी वळसा घेणारी माणसं आमच्या दारावरून गेली. आम्ही घरात बसून राहावं, हे बरं दिसलं नसतं."

गवंडी वर चढले, बायांनी रांग करून हातोहात कौलं दिली. दोन दिवसांत छप्पर झालं. गोष्ट इनामदारांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी आपली कौलं आश्रमाच्या गोठ्यासाठी पाठवली आणि या वेळी कुठलीही अट घातली नाही.

परतीच्या वाटेवर कुंभारवाडीत कुणीतरी विचारलं, वळसा घ्यायला लावणारी बाई कोणती? तबिथा ताठ मानेने पुढे आली आणि म्हणाली, "ही माझी जाऊबाई." दाविदबाबा म्हणाले, "आमच्या मंडळीची मार्था." मार्था लाजली, पण तिने मान खाली घातली नाही. पुढच्या रविवारी ती चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसली आणि सगळ्यांत मोठ्याने गायली.

या गोष्टीचं तात्पर्य असं: भलं काम करायला निघालेल्या माणसाने पायाखालच्या लहान जिवांकडेही पाहावं आणि त्यांना जपून चालताना उशीर झाला, तर त्या उशिराची लाज वाटू देऊ नये.