मुकी मार्सान

"ही मेली आहे, फादर. दुसरी कुठली उघडू?"

ऋजुतानं वाइनचा पेला खिडकीच्या उजेडात धरला, पुन्हा नाकाशी नेला आणि नाक मुरडून खाली ठेवला.

फादर इनास मोड आलेले वाल सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाडी पाहिलीस?"

"थट्टा नको ना. फळ नाही, फूल नाही, काहीच नाही. पाणी आहे नुसतं."

"सकाळी उठल्यावर मीही तसाच असतो, बाय."

दिंडोरीजवळच्या टेकडीवर हा लहानसा मठ. फादर मूळचे वसईचे. तरुणपणी इथं आले आणि इथलेच झाले. मिस्सेला, म्हणजे वेदीपुढच्या उपासनेला, लागणारी वाइन ते स्वतःच करत. त्यासाठी मार्सान नावाच्या पांढऱ्या द्राक्षाच्या दोन ओळी त्यांनी मठामागे लावल्या होत्या. उरलेल्या बाटल्या तळघरात आडव्या पडून असत. लेबल एकीलाही नाही. फळीवर खडूनं साल लिहिलेलं, तेवढीच ओळख.

ऋजुता फ्रान्सहून वाइनचं शिक्षण घेऊन आली होती. तिकडे तिचा जीव या मार्सानवर जडला. परत आल्यावर तिनं पिंपळगावपासून नारायणगावपर्यंत मळे पालथे घातले. कुणी जातीचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं. अखेर सापडली ती इथं, वडिलांच्या मळ्याच्या डोक्यावरच्या टेकडीवर. काखेत कळसा नि गावाला वळसा.

आज तिला एक बाटली निवडायची होती. वडिलांसाठी.

अण्णांच्या मळ्यात कलमासाठी लावलेले खुंट तयार होते. उद्या सकाळी कलम बांधणारे येणार. अण्णा सांगतील त्या जातीची काडी खुंटावर चढणार, आणि एकदा चढली की वर्षानुवर्षं तीच. अण्णांची द्राक्षं खाण्याची. ऋजुताला मळ्यातला एक तुकडा मार्सानसाठी हवा होता. काड्या द्यायला फादर तयार होते. अण्णा हो म्हणाले नव्हते... नाहीही म्हणाले नव्हते. लेक शेतीचं शिकायला गेलीय, असं ते गावभर सांगत आले होते. ती नेमकं काय शिकून आली ते कळलं, त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेच नव्हते.

"अण्णा पिणार आहेत?" फादरनी विचारलं.

"छे! गळ्यात माळ आहे. थेंब ओठाला लावायचे नाहीत."

"मग बाटली कशाला?"

"वास तरी घेतील. द्राक्षातला माणूस आहे. एकदा वास घेतला की कळेल त्यांना."

"काय?"

"की..." ती थांबली. "की मी वाया गेले नाही."

फादरचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले.

ऋजुतानं सगळ्यात अलीकडच्या सालातली बाटली उघडली. लिंबाच्या सालीचा वास खोलीभर झाला. तिचा चेहरा उजळला.

"बघा! ही कशी लगेच बोलते!"

"बोलते खरी."

"मग हीच नेते."

"ने की. पण वटवट करणारी एक तर अण्णांच्या घरात आहेच."

ऋजुता हसली. मग तिच्या लक्षात आलं, आणि हसू ओठांवरच राहिलं.

"मी समजावते त्यांना, फादर. रोज समजावते. जेवताना, मळ्यात, ओट्यावर. माती सांगते, उतार सांगते, भाव सांगते. ते फक्त ऐकतात. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"एक शब्द नाही?"

"माझ्याशी नाही."

"आणि दुसऱ्या कुणाशी?"

"रात्री आईला विचारतात... ती जेवली का म्हणून."

"रोज?"

"रोज."

फादर उठले. तिनं मेली म्हणून बाजूला सारलेल्या पेल्यावर त्यांनी बशी झाकली, पेला खिडकीत उन्हाला लागून ठेवला, आणि वालाचं पातेलं दोघांच्या मधे सरकवलं.

"सोल."

"फादर, उद्या सकाळी माणसं येतायत. मला वेळ नाही."

"बिरडं आत्ता व्हायचंय. मला भूक लागलीय."

ती सोलू लागली. पहिले काही वाल तिच्या चिमटीत फुटले.

"दाबू नकोस. भिजलेत ते."

ती सोलता सोलता बोलत राहिली. अण्णांना कुठला मुद्दा आधी सांगावा, कुठला मागून. फादर हं म्हणत होते. हळूहळू मुद्दे संपले. मग वाक्यं संपली. सालं ताटलीत साठत गेली, डाळिंब्या पाण्यात पडत गेल्या. बाहेर मठाची गाय हंबरली. ऊन खिडकीतून सरकून जमिनीवर उतरलं.



पातेलं रिकामं झालं तेव्हा फादरनी खिडकीकडे बोट केलं. ऋजुतानं हात धुतले, पुसले आणि बशी उचलली.

...

मध. पोळ्याचं मेण. प्रार्थनाघरात नुकतीच विझलेली मेणबत्ती. आणि त्याच्याही मागे, उन्हात तापलेल्या वाळल्या गवताचा वास... लहानपणी अण्णांच्या खांद्यावर बसून मळ्यात जाताना यायचा तसा.



"ही... ही तीच?"

"दुसरी आणली कुणी?"

बाटलीतली मार्सान सुरुवातीला बोलते, मग काही वर्षं मुकी होते, वासच देत नाही, आणि नंतर पुन्हा बोलू लागते; मुकीलाही पेल्यात ऊब आणि वेळ मिळाला तर वास सुटतो, हे तिला माहीत होतं. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. तरी सकाळी पहिल्याच वासाला तिनं हिला मेली ठरवून टाकलं होतं.

"काय केलंत तुम्ही हिला?"

"मी? मी तुझ्यासमोर वाल सोलत होतो."

"मुकी कुठली आणि मेलेली कुठली, हे ओळखायचं कसं, फादर?"

"मला नाही ओळखता येत."

"मग?"

"मी बशी झाकतो."

ऋजुता तळघरात उतरली. लिंबाच्या वासाच्या फळीपाशी ती थांबली नाही. पुढे गेली, तिनं सकाळी मेली म्हटलेल्या सालाच्या फळीपाशी, आणि तिथली एक बाटली दोन्ही हातांनी, पाळण्यातलं मूल उचलावं तशी उचलून वर घेऊन आली.

"ही उघडल्या उघडल्या काही बोलणार नाही," फादर म्हणाले.

"माहीत आहे."

"उद्या सकाळी माणसं येतील."

"येऊ देत."

फादरनी दुसरं पातेलं पुढे ओढलं. त्यात उद्याच्या बिरड्याचे वाल होते, सालासकट. त्यांनी ओंजळभर वाल फडक्यात घेऊन पुरचुंडी बांधली आणि बाटलीशेजारी तिच्या पिशवीत ठेवली.

ऋजुता दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर थबकली. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला.

"आणि अण्णा नाहीच बोलले तर?"

फादरनी तिच्या पिशवीतली पुरचुंडी काढली, गाठ सोडली, पातेल्यातले आणखी ओंजळभर वाल तीत टाकले आणि गाठ पुन्हा बांधली.

"मग हेही सोला. दोघं."