प्रश्न उद्भवत नाही

"पण नाव पुकारलं आणि माणूस तिथं नसला, तर मग काय करतात?" फागूबाबांनी विचारलं.

आमदार सेवकराम हातझाडे मठीच्या भिंतीला टेकून बसले होते. शाल डोक्यावरून घेतलेली. मी चुलीपाशी बसलो होतो.

"काही करत नाहीत, बाबा. अध्यक्ष पुढचं नाव घेतात."

"शोधायला कोणी जात नाही?"

"शोधायला काहून जाईल कोणी?"

बाबांनी चुलीत एक काटकी सरकवली.

सेवकराम त्या दिवशी अंधारातच नागपूरहून निघून आमच्या ढिवरटोलीला आले होते. गाडी त्यांनी वस्तीबाहेर भाताच्या तणसाच्या ढिगाआड उभी करायला लावली. ड्रायव्हरला सांगितलं, कोणी विचारलं तर तू मला पाहिलं नाही. मोबाइल बंद केला. मग मठीत येऊन बाबांच्या पाया पडले आणि म्हणाले, आजचा दिवस मला इथंच राहू द्या.

बाबा म्हणाले, रहा.

नागपुरात अधिवेशन चालू होतं. अकरा वाजता सभागृहात सेवकरामांचाच प्रश्न होता. यादीत तिसरा.

प्रश्न आमच्या तलावाचा होता.

ढिवरटोली तलावाच्या पायथ्याशी आहे. घराच्या दारात उभं राहिलं की समोर आभाळ दिसत नाही, पाळ दिसते. पाळ म्हणजे तलावाचा बांध; मातीची, जुन्या लोकांनी बांधलेली. मागच्या उन्हाळ्यात एका ठेकेदारानं तिच्यावर नवी माती टाकली, दगड बसवले, फोटो काढून नेले. पावसाळ्यात तलाव भरला आणि पाळीच्या पोटातून पाणी यायला लागलं. आधी नुसती ओल होती. मग बोटाएवढी धार झाली. दिवाळीपासून ती धार गढूळ येते. पाण्याबरोबर पाळच थोडी थोडी बाहेर येते आहे, हे सांगायला कोणी शिकलेला लागत नाही.

वस्तीतल्या भागरता बुढीनं आमदारांना हाताला धरून तिथं नेलं होतं. त्यांचा हात त्या धारेत घातला होता. त्यानंतरच त्यांनी प्रश्न टाकला.

सेवकराम लहानपणी मठीत भजनाला येत. तेव्हापासून ते बाबांना गुरू मानतात. बाबांचा जन्म मासे धरण्यात गेला, शिकवण्यासारखं आपल्याजवळ काही नाही असंच ते सगळ्यांना सांगत. तरी निवडणुकीचा अर्ज भरायच्या आधी सेवकराम इथं डोकं टेकून गेले. निवडून आल्यावर पुन्हा आले. गळ्यातले हार काढायला वेळ नव्हता. तेव्हा म्हणाले होते, बाबा, माझा प्रश्न आहे म्हटलं की मंत्री आदल्या रात्री झोपणार नाहीत.

आज त्यांचाच चेहरा झोप नसलेल्या माणसासारखा होता.

परवा त्यांना एक फोन आला होता. नाव त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. बोलणाऱ्याचा आवाज मऊ होता. त्यानं घरच्यांची चौकशी केली. आईच्या गुडघ्याचं विचारलं. मुलगी कोणत्या रस्त्यानं कॉलेजला जाते, कुठं वळते, तेही त्याला ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "गुरुवारी तुमची तब्येत बरी नसणार, असं ऐकलं. जपा."

आज गुरुवार होता.

"आजारी पडलो म्हटलं तर डॉक्टरचा कागद लागतो," सेवकराम म्हणाले. "गुरूच्या दर्शनाला गेलो म्हटलं, तर कोणी काही बोलत नाही."

"म्हणजे माझ्या आड लपला तू."



बाबांना राग आलेला नव्हता. त्यांनी कपात चहा ओतला आणि सेवकरामांकडे सरकवला.

"सरकारनं उत्तर दिलं का?"

"कालच छापून आलं." सेवकरामांनी खिशातून कागद काढला. वाचायची त्यांची इच्छा नव्हती, पण बाबा वाट पाहत होते.

तलावाच्या पाळीतून पाणी झिरपत असून खालच्या वस्तीला धोका निर्माण झाला आहे, हे खरे आहे काय, असा प्रश्न होता. त्यापुढे छापलं होतं, हे खरे नाही.

असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, असा पुढचा प्रश्न होता. त्यापुढे छापलं होतं, प्रश्न उद्भवत नाही.

"उद्भवत नाही म्हणजे?"

"म्हणजे... पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढचं विचारायला जागाच राहत नाही."

भागरता बुढी विस्तव न्यायला आली होती. ती दारातच थांबून ऐकत होती.

"मग तो कागद पाळीवर नेऊन चिकटव ना गा," ती म्हणाली. "पाणी वाचेल आन् परत जाईल."

कोणी हसलं नाही. ती स्वतःच थोडी हसली आणि खापरीत निखारे घेऊन निघून गेली.

बाबांनी विचारलं, "तुला ठाऊक आहे ना, पाणी येतं ते?"

"आहे. हात घातला मी."

"मग खरे आहे काय, असं काहून विचारलं?"

"तशीच रीत आहे, बाबा. तिथं सांगता येत नाही. विचारावं लागतं."

"आणि खरं नाही असं ज्यानं लिहिलं, तो इथं येऊन गेला?"

"नाही."

बाबा विस्तवाकडे पाहत राहिले.

"ज्यानं पाहिलं त्यानं विचारायचं... न पाहिलेल्यानं सांगायचं."

सेवकराम घाईघाईनं समजावू लागले. कागदावरचं उत्तर हे शेवटचं नसतं. आपलं नाव पुकारलं की उभं राहायचं, मग मंत्र्यांना उलटून विचारता येतं, पाळ कोणी तपासली, कधी तपासली, ते सगळ्यांसमोर लावून धरता येतं. धरलं तर पाहणीला माणसं पाठवावीच लागतात.

"आणि उभं नाही राहिलं तर?"

"तर हेच उत्तर राहतं."

थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "पुढच्या अधिवेशनात परत टाकतो ना मी. उन्हाळ्याच्या आधी."



कोणाची तरी म्हैस मठीच्या दारात आली. तिनं आत तोंड घालून आमदारांच्या हातातला कागद हुंगला. सेवकराम दचकले, मग ओशाळून म्हणाले, "गुरं बांधत नाहीत का तुमच्याकडे?"

"दिवाळीपासून नाही बांधत."

"काहून?"

"बांधली तर पळतील कशी?"

सेवकरामांच्या हातातला चहा तसाच होता. त्यावर साय आली होती.

"तुम्हाला भीती नाही वाटत, बाबा?"

"वाटते."

"तुम्हाला?"

"सकाळी वाटते, सांजेला वाटते. हाका मारताना."

या हाका काय, ते सेवकरामांना ठाऊक नव्हतं. ते धार पाहून गेले, त्यानंतरची ही रीत आहे.

पाणी गढूळ यायला लागल्यापासून वस्तीतली दोन माणसं रात्रभर पाळीवर राखण करतात. उजाडलं की ती उतरतात. मग बाबा मठीसमोरच्या मोहाच्या झाडाखाली उभे राहून घराघराचं नाव घेतात. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची. दिवस मावळताना पुन्हा तसंच. वस्तीत पाहुणा असला तर त्याचंही नाव घ्यायचं. तीन हाकांत ओ आली नाही, तर सगळ्यांनी त्याला शोधायला निघायचं. कोणी हे ठरवलं नाही. एकदा एका घरून ओ आली नव्हती, तेव्हा आम्ही सगळे धावलो, तेव्हापासून ही रीत पडली.

"हाक मारली आणि ओ यायची आहे..." बाबा म्हणाले. "त्या मधल्या वेळात वाटते."

बाहेर राखणीचे लोक खोकत, विडी ओढत पाळीवरून येताना ऐकू आले. बाबा काठी घेऊन उठले.

धुकं इतकं होतं की मोहाखालून दुसरं घर दिसत नव्हतं. नुसते आवाज येत होते.

"शिवा मेश्राम."

"ओ जी."

"गोपिका शेंडे."

"ओ."

"वातू नागपुरे."

धुक्यातून पोराचा आवाज आला, आजोबा अंघोळ करतात, पण आहेत. आतून म्हाताऱ्यानंही ओ दिली.

अशी एकेक घरं होत गेली. बाबांचा आवाज मोठा नाही. पण त्या वेळी वस्तीत कोणी बोलत नाही, पाणीसुद्धा ओतत नाही.

"भागरता."

ओ आली नाही.

सेवकराम मठीच्या दारात येऊन उभे होते. मी बाबांच्या हाताकडे पाहत होतो. काठीवरची बोटं आवळली होती.

"भागरता..."

कुठंतरी कोंबडा ओरडला. त्याच्यापलीकडे पाळ होती, ती दिसत नव्हती.

मग कोणीतरी थुंकल्याचा आवाज आला आणि म्हातारी म्हणाली, "ओ. दातांना गुडाखू लावला होता ना गा. थुंकू तरी द्याल का नाही?"

दोन-तीन घरांतून हसू आलं. ते हसू सुटका झाल्यासारखं होतं.

सगळी घरं झाली. बाबा थांबले. आम्हाला वाटलं, आता वळतील.

"सेवकराम हातझाडे," बाबांनी हाक मारली.

सेवकराम दारातून मागे सरले. त्यांनी हात जोडून, मान हलवून बाबांना खुणावलं, नको, माझं नाव नको. मोठ्या रस्त्यानं कोणी जात असलं तर ऐकेल.

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते धुक्याकडे तोंड करून उभे होते.

"सेवकराम..."

वस्ती ऐकत होती. पाहुणा आला आहे हे आम्ही मठीतले आणि भागरता सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. पण नाव हाकेत आलं म्हणजे माणूस वस्तीत आहे. सेवकरामांचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. ते मठीला लागून असलेल्या लाकडांच्या ढिगाआड जाऊन खाली बसले.

"सेवकराम..."

तिसरी हाक झाली.

आधी एक दार वाजलं. मग सगळीच वाजली. धुक्यातून पायांचे आवाज यायला लागले. शिवा बांबू घेऊन निघाला. दोघांनी मासेमारीचा डोंगा खांद्यावर उचलला. गोपिका कमरेवर लेकरू घेऊन दोर ओढत धावली. वातू म्हातारा ओल्या अंगानं, पंचावर. कोण सेवकराम, कुठला, कोणी विचारलं नाही.

आणि ते सगळे पाळीकडे धावले. कोणी बुडालं असेल, दबलं असेल, तर तिथंच असेल.

ढिगाआडून सेवकराम ते पाहत होते. जिकडून पाणी यायचं, तिकडे माणसं धावत होती.

भागरताला धावता येत नाही. ती मागे राहिली, म्हणून घरांच्या मधल्या जागा धुंडाळत मठीपाशी आली. लाकडांमागे तिला शाल दिसली. ती वाकली. दोन्ही हातांनी त्यांचं डोकं, खांदे, हात, पाय चाचपले, जसं पडलेल्या लेकराला चाचपतात. तिच्या बोटांना राख लागली होती, ती त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागली.

"आहे का रे?" ती म्हणाली. "आहे का?"

"आहे," सेवकराम म्हणाले. फार हळू म्हणाले.

मग तिनं ओरडून सगळ्यांना परत बोलावलं.

लोक धापा टाकत आले. डोंगा खाली ठेवला. आमदार आहेत हे त्यांनी पाहिलं. कोणी रागावलं नाही. गोपिकानं दोर सोडला आणि लेकरू पदरात घेतलं. शिवा तेवढा म्हणाला, "साहेब, भाषणात तर तुमचा आवाज तीन गावं ऐकतात."

सेवकराम एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते...

हळूहळू लोक पांगले. धुकं विरळ झालं. पाळ दिसायला लागली, आणि तिच्या पायथ्याची ओली जागाही. सेवकरामांनी खिशातून मोबाइल काढला, सुरू केला. तो लगेच वाजायला लागला. त्यांनी घेतला नाही. वाजून वाजून थांबला तो. मग पहिल्यांदा त्यांनी घरी फोन लावून बायकोला सांगितलं, आज पोरीला घराबाहेर पाठवू नको, तिच्याजवळच बस. दुसरा फोन ड्रायव्हरला केला.

गाडी दारापर्यंत आली. ते बाबांच्या पाया पडले, पण उठले नाहीत. तसेच उकिडवे बसून राहिले.

"अजून पोहोचतो मी," ते म्हणाले. "पण बाबा, मंत्री पुन्हा तेच म्हणतील. खरं नाही."

"म्हणतील."

"आणि नंतर माझं काही..."

बाबांनी त्यांच्या खांद्यावरची राख झटकली. ती निघाली नाही, जास्तच पसरली.

"आज सांजेच्या हाकेत तुझं नाव घेतो मी," बाबा म्हणाले. "तीन वेळा घेतो. ओ आली नाही, तर आम्ही निघतो."

सेवकरामांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि भीती काही गेलेली नव्हती.

"पण बाबा, मी नागपुरात असणार. तिथून दिलेली ओ इथं कशी ऐकू येईल?"

बाबांनी त्यांना हाताला धरून उठवलं.

"मग मोठ्यानं दे."