पुलाखालची हाक

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनीसुद्धा ती ऐकूनच सांगितली असेल. एका राज्यात एक काळीशार नदी होती. तिच्यावर पूल नव्हता, नुसती एक नाव होती, आणि दर वर्षी ती एकदा तरी उलटायची.

बुडालेले लोक मात्र गप्प राहत नसत. भर दुपारी वारा पडला, पाखरं झाडांत शिरली, की पाण्यातून हाका येत. ज्याचं माणूस गेलं असेल त्याला, त्याच माणसाच्या आवाजात. म्हणून त्या काठचे लोक दुपारी कानांत कापसाचे बोळे घालून बसत. जे विसरत, त्यांच्यातला एखादा उठून सरळ पाण्यात चालू लागे.

राजाने तिथे पूल बांधायचं काम एका स्थपतीला दिलं. माणूस कामाला पक्का आणि तितकाच हट्टी. त्याचा धाकटा भाऊ नदीची खोली मोजताना बुडाला होता. दोघांनी मिळून सात गावांच्या विहिरी बांधल्या होत्या. भाऊ गेल्यापासून स्थपतीने कानांत कधी कापूस घातला नाही. दुपारच्या त्या हाकेसाठीच तो जगत होता, म्हणा ना.

कमान वर चढू लागली, तशी हाक बदलली.

"दादा, पूल पुरा झाला की बुडायला कोणी येणार नाही. नवं माणूस आलं नाही की आमचे आवाज विरतात. माथ्याचा दगड जरा सैल बसव. लगेच नाही पडणार. एवढंच कर माझ्यासाठी."

माथ्याचा दगड म्हणजे कमानीत सर्वांत शेवटी बसणारा. सगळी कमान त्याच्याच जोरावर उभी राहते. पण मायेपुढे शहाणपण कुठलं टिकायला! स्थपतीने तो दगड सूतभर कमी घडवला आणि फट चुन्याने लिंपून टाकली. कोणाला पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी कमानीखालचे लाकडी टेकू काढायचे होते. दुपार झाली. पाण्यातून आवाज आला, "फार छान जमवलास सांधा, दादा."

स्थपतीच्या अंगावर काटा आला. त्याचा भाऊ प्रत्येक सांध्यात गवताचं पातं घालून पाहायचा. पातं आत गेलं, की उभी भिंत पाडायला लावायचा. मग समोर थोरला भाऊ असो की राजा. सैल सांध्याला छान म्हणणारा हा कोण?

"तू माझा भाऊ नाहीस," तो म्हणाला.

तोच आवाज हळूच म्हणाला, "नसेन. पण माझ्याखेरीज त्याचा आवाज तुला कुठे ऐकायला मिळणार आहे?"

ते खरंच होतं. स्थपती काठावर बसून हमसून हमसून रडला. मग उठला आणि गवंड्यांना म्हणाला, "माथ्याचा दगड मी सैल बसवलाय. काढा तो. चूक माझी आहे."

गवंड्यांनी पहारी उचलल्या. म्हातारा मुकादम तेवढा बोलला, "सांगितलंत ते बरं केलंत, धनी. माझी लेक याच पुलावरनं सासरी जायची आहे."

नवा दगड बसायला नऊ दिवस लागले. पातं कुठेच शिरेना. टेकू निघताना बांधणाऱ्याने कमानीखाली उभं राहायचं, अशी त्यांची रीत होती. स्थपती कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. गार हात त्याचे पाय चाचपत होते आणि भावाचा आवाज "दादा, दादा" करत होता. शेवटचा टेकू निघाला. कमान जागची हलली नाही. आवाज अर्ध्या शब्दावर तुटला, तो कायमचा.

राजाने स्थपतीची हत्तीवरून मिरवणूक काढली. चार वर्षांत लोक ती विसरले, पूल कोणी बांधला तेही विसरले. स्थपती मात्र म्हातारा झाल्यावरही रोज दुपारी पुलाशी येऊन बसे.

एकदा एका कासारणीने विचारलं, "बाबा, एवढ्या उन्हात इथं बसून ऐकता तरी काय?"

"काही नाही," तो म्हणाला. "तेच ऐकतो."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं पुटपुटत तिने बांगड्यांची पाटी डोक्यावर घेतली. सुनेच्या नावाने बोटं मोडत ती पूल ओलांडून गेली. पाण्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. ती पलीकडे पोचेपर्यंत स्थपती पाहत राहिला, आणि त्याचा ऊर भरून आला.

बोध इतकाच: न घडलेला अनर्थ जगाला दिसत नाही, पण तो ज्याने टाळला त्याला त्याहून मोठं बक्षीस लागत नाही.