राजव्वाची ओंजळ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की दगडसावंगीची माणसं तिचं साल सांगत नाहीत, नुसतं "यंकटीच्या वेळेला" म्हणतात.

यंकटी विहिरी खणायचा. जमिनीला कान लावला की त्याला खालून पाणी चालताना ऐकू यायचं, असं म्हणतात.

एका दुष्काळात गावच्या सगळ्या विहिरी आटल्या. यंकटीनं खणायला घेतलं. माती संपली, मुरूम संपला, काळा पाषाणही संपला. साठ हातांखाली गुलाबी दगड लागला, आत चमचमते कण असलेला. त्याच्या भेगेतून पाणी आलं, आणि ते पुन्हा कधी आटलं नाही, असं म्हणतात.

तिथली एक रीत होती. नव्या विहिरीचं पाणी सव्वा महिना फक्त खणणाऱ्याच्या घरी जायचं. त्याचं लेकरू धडधाकट राहिलं, की मग गाव प्यायचं. यंकटीची लेक राजव्वा तेव्हा नुकती आईच्या दुधावरून सुटली होती. ती प्याली. सव्वा महिन्यात तिला काहीच झालं नाही.

गाव आनंदलं. त्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजायची.

राजव्वाचे दुधाचे दात पडले आणि नवे आले ते तपकिरी ठिपक्यांचे. "काय गं राजव्वे, तंबाखू चघळतेस का?" शेजारची नरसाबाई हसली. दोन वर्षांनी नरसाबाईच्या नातवाचे दातही तसेच आले. मग हसणं थांबलं. मोठ्यांच्या पाठी ताठरल्या आणि राजव्वाचे पाय धनुष्यासारखे वाकले. कुणी म्हणालं देवी कोपली, कुणी म्हणालं करणी.

यंकटी विहिरीत उतरला. तीन दिवस गुलाबी दगडाला कान लावून बसला. तिसऱ्या दिवशी दगड बोलला, असं म्हणतात.

"तुझ्या पणजोबाच्याही आधीपासून हे पाणी माझ्या भेगांत मुक्कामाला आहे. बसल्या बसल्या ते मला झिजवतं आणि माझे कण पोटात घेतं. वरचं पाणी पावसाचं, आलं तसं वाहून जातं. त्याला माझ्याशी बोलायला वेळ नसतो."

यंकटी वर आला आणि म्हणाला, "यात कुणी विष कालवलेलं नाही. पाणी जितकं खोल आणि जितकं जुनं, तितका त्यात दगड उतरलेला. आपण दगड पितोय. ओढ्याच्या वाळूत खड्डा घेऊन झिरा करू, त्यात झिरपेल ते पिऊ."

"ओढा कोसभर लांब," नरसाबाई म्हणाली. "आणि त्या पाण्यात डाळ शिजेना. तुम्ही याल का मामा, फुंकणी घेऊन?"

यंकटीनं वाद घातला नाही. त्यानं एकट्यानं झिरा खणला आणि खांद्यावर कावड घेतली. ज्या घरात लहान मूल, त्या घरी तो रोज एक घागर ठेवायचा.

राजव्वानं एकदा विचारलं, "बा, मी आता हे पाणी प्याले तर पाय सरळ होतील?"

यंकटीनं कावड उचलली.

पुढे त्याचीही पाठ वाकली. इतकी, की त्याला आभाळ दिसेना. ते तो घागरीतल्या पाण्यात बघायचा, असं म्हणतात.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली कावड गावात आली. खांदा कुणाचाच नव्हता. तीन दिवस ती अशीच आली. चौथ्या दिवशी आली नाही. कोसभर लांबच्या त्या पाण्यासाठी गाव उठायला एका माणसाचा जीव जावा लागला. नरसाबाई उठली, यंकटीच्या अंगणातली कावड तिनं खांद्यावर घेतली. मागून बाया निघाल्या.

राजव्वा सरळ कधीच चालली नाही. ती जन्मभर विहिरीच्या काठावर बसून राहिली आणि घागर घेऊन आलेल्या पोरांना परत पाठवत राहिली.

दगडसावंगीत आजही बाळाला पहिला दात आला की बाप कावड घेऊन झिऱ्यावर जातो. येताना कमरेत वाकून चालतो. जुन्या विहिरीपाशी थांबून तो पहिली ओंजळ काठावर, राजव्वा बसायची त्या जागी ओततो आणि म्हणतो, "ही राजव्वाची. तिला वेळेत मिळाली नाही."

मगच बाळाला पाजतात.