लाल पट्ट्यांमधला हिरवा

फार पूर्वी, डोंगरउतारावरच्या एका गावात एक म्हातारा रंगारी राहत असे. पंचक्रोशीत त्याच्याइतका शिकलेला रंगारी दुसरा नव्हता. वाडवडिलांची रंगांची पोथी त्याला तोंडपाठ होती. हळद, मंजिष्ठ आणि नीळ एवढ्या तीन रांजणांतून तो मागाल तो रंग काढून देई. राखाडी हवा असला, तर हिरडा आणि गंजक्या लोखंडाचं पाणी वेगळं ठेवलेलं असे.

तरी त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आपले डोळे दगा देतील, ही एकच धास्ती त्याला वर्षानुवर्षं लागून राहिली होती. सकाळी उठला की तो आधी अंगणातल्या जास्वंदीकडे बघे. कालच्याइतकीच लाल दिसली की मगच चूळ भरी. दारात त्याने एक पांढरं फडकं ताणून बांधलं होतं. रंगवलेलं सूत त्या फडक्यावर धरायचं, नमुन्याशी ताडून बघायचं आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, असा त्याचा नेम होता. त्या फडक्याएवढा भरवसा त्याने ना दुसऱ्या कुणावर ठेवला, ना स्वतःवर.

त्याच गावात एक विधवा सतरंज्या विणत असे. तिच्या सतरंज्यांवर गावातल्या सगळ्या लग्नांच्या पंगती बसल्या, पण ती स्वतः मात्र गोणपाटावर निजे. ते तिच्या तरण्या लेकीच्या मनाला लागलं. आईसाठी म्हणून तिने एक सतरंजी मागावर चढवली. लाल रुंद पट्टा, मग बोटभर हिरवा, पुन्हा लाल. दोन हात विणायची राहिली असताना लेक तापाने फणफणली आणि आठव्या दिवशी गेली.

वर्षश्राद्ध झाल्यावर विधवा रंगाऱ्याकडे आली.

"बाबा, लाल सूत आहे घरात. हिरवं संपलंय. लेकीची सतरंजी पुरी करायची आहे. माझ्या डोळ्यांत आताशा धूर भरल्यासारखा होतो. दिसतंय तोवर हातावेगळी करते."

"कसला हिरवा?"

"उन्हात वाळलेल्या शेवाळासारखा. फार बोलत नाही तो."

रंगाऱ्याने सूत निळीत बुडवलं, मग हळदीत. फडक्यावर धरलं, तर शेवाळच. विधवा लडी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली.

"हा नाही, बाबा. हा मागावर किंचाळतो."

त्याने रंग फिका करून दिला. तीही लडी परत आली. तेव्हा रंगारी अंगणात जाऊन पुन्हा जास्वंद बघून आला. पोथी चुकायची नाही. मग चुकतंय कोण?

रंगारीण चुलीपाशी भाकरी थापत होती. ती म्हणाली, "अहो, चार घरं सोडून तर तिचा माग आहे. जाऊन बघून या की. लोणचं मुरलंय का ते बघायला बरणीपाशी जावं लागतं. बरणी काही चालत यायची नाही."

म्हातारा उठला, पागोटंही बांधलं. पण उंबऱ्याशी त्याचे पाय अडले. त्या घरात जायचं, मेलेल्या पोरीचा माग बघायचा आणि तिथे आपल्यालाच दिसलं नाही तर? आईच्या देखत, गावाच्या देखत? त्याने पागोटं पुन्हा खुंटीला अडकवलं.

विधवेला तो म्हणाला, "बाई, असं सांगोवांगी व्हायचं नाही. त्या हिरव्याचा धागा काढून आण."

लेकीच्या हातचं विणकाम उसवायचं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी घरी जाऊन तिने कडेचा वीतभर धागा सोडवला आणि ओच्यात बांधून आणला.

रंगाऱ्याने धागा फडक्यावर ठेवला. धागा राखाडी होता, चुलीतल्या राखेसारखा. त्यात हिरव्याचा लवलेश नव्हता. आणि तो त्याच्याच हातचा होता. आता त्याला आठवलं, पोर हसत आली होती, "आजोबा, राखाडी द्या." तो म्हणाला होता, "पोरी, आईच्या अंथरुणात राख कशाला?" त्यावर ती म्हणाली होती, "मागावर बसला की काय करतो ते बघायला या एकदा." तेव्हाही तो गेला नव्हता.

"हा राखाडी आहे," तो म्हणाला.

विधवेने धागा डोळ्यांजवळ नेला. "खरंच की. पण मागावर तर हिरवाच दिसतो मला. रोज बघते."

रंगाऱ्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. म्हणजे आपले डोळे शाबूत होते. तो म्हणाला, "बाई, तुझी नजर गेली. आता विणू नकोस."

ती वाद घालत बसली नाही. एवढा जाणता माणूस खोटं कशाला बोलेल? घरी जाऊन तिने मागावर गोणपाट टाकलं आणि त्याच्याकडे बघायचंही सोडलं.

पावसाळा गेला, थंडी आली. तोवर विधवेच्या डोळ्यांतला धूर दाट होत गेला आणि एक दिवस तिला दार आणि भिंत वेगळी कळेना.

त्याच सुमारास रंगाऱ्याने दारातलं फडकं धुऊन वाळत घातलं. हातात राखाडी लडी होती, म्हणून ती सहज मंजिष्ठात रंगवलेल्या लाल सुताच्या ढिगावर टाकली. पाणी पिऊन परतला, तर लाल ढिगावर कुणीतरी हिरवी लडी ठेवलेली. त्याने ती उचलली. हातात राखाडी. पुन्हा ठेवली. हिरवी. वाळलेल्या शेवाळासारखी, फार न बोलणारी.

पोथीत रंग कसा करायचा ते सगळं होतं. शेजाऱ्यामुळे रंग कसा बदलतो, हे त्या पोरीने मागावर बसून बघितलं होतं.

मग मात्र तो पागोटं न बांधताच निघाला. पोरीने बोलावल्यापासून चार घरं ओलांडायला त्याला वर्षाहून जास्त काळ लागला होता. आत जाऊन त्याने मागावरचं गोणपाट काढलं. लाल पट्ट्यांच्या मध्ये राखाडी धागे हिरवे होऊन बसले होते.

"कोण आहे?" विधवेने विचारलं.

"मी, रंगारी. सूत आणलंय. राखाडी."

"मग आता काय उपयोग, बाबा?"

"इथे तो हिरवा दिसतो. तू म्हणत होतीस तसाच."

तिने पुढे होऊन मागावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा मला दिसत होतं."

"दिसत होतं. चूक माझी झाली."

तिने चाचपडत धागे ठोकून बसवायचा पंजा उचलला. रंगारी शेजारी बसला आणि एकेक सूत तिच्या हाती देत राहिला. "आता लाल. आता हिरवा." दोन हात विणायला त्यांना महिना लागला. सतरंजी पुरी झाली त्या रात्री ती तिच्यावर निजली. बोटांनी पट्टे मोजले, पण रंग काही बोटांना लागेना.

रंगाऱ्याने फडकं पुन्हा बांधलं नाही. कुणी रंग मागायला आलं, की तो आधी एवढंच विचारी, "शेजारी काय आहे?" आणि उत्तर मिळालं तरी स्वतः जाऊन बघून येई.

तात्पर्य: रंग एकटा कधीच नसतो, शेजार बदलला की तोही बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या जागी जाऊन बघितल्याशिवाय त्याच्या नजरेला खोटं ठरवू नये. चूक पुढे कळते, पण गेलेली नजर परत येत नाही.