विरजण

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीला सांगितले, "यंदा आपण तुर्कस्तानात जायचं. समुद्रकाठचं एक लहानसं गाव आहे. तिथे आठ दिवस नुसतं बसायचं."

"नुसतं?" पत्नीने विचारले. तिचे नाव कुमुद.

"नुसतं."

त्याच क्षणी कुमुदच्या मनात पाल चुकचुकली.

ती काही भांडखोर बाई नव्हती. सोमवार, चतुर्थी, एकादशी सारे नेमाने करणारी, आणि देवापुढे डोळे मिटले की आधी नवऱ्यासाठी मागणारी. परंतु हा गृहस्थ आजवर घराबाहेर पडला तो फक्त देवदर्शनाला, आणि तेही पाच देवळे एका दिवसात उरकून संध्याकाळी दुकान उघडण्याच्या घाईने. असा माणूस परदेशी जाऊन नुसता बसणार? जिथे ना आपले देऊळ, ना नातलग, ना भांड्यांची पेठ?

त्याने तिला मोबाइलवर फोटो दाखवला. पांढरी घरे, भिंतीवर चढलेली बोगनवेल, निळेशार पाणी, आणि पाण्याच्या अगदी काठाशी दोन खुर्च्या.

"रिकाम्याच आहेत," ती म्हणाली.

"आपल्यासाठी ठेवल्यात."

"आणि गावातली माणसं कुठे गेली?"

"कुमुद, माझ्या आनंदावर विरजण घालू नकोस," तो हसत म्हणाला. पण फोन त्याने लगबगीने खिशात घातला, आणि ती लगबग तिच्या नजरेतून सुटली नाही.

तिच्या संशयाला आधार नव्हता असे नाही. काही वर्षांपूर्वी हाच नवरा 'मुरादाबादला पितळी भांडी बघून येतो' असे सांगून गेला, आणि मुंबईच्या एका इस्पितळात हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून परत आला. मनगटावरची चिकटपट्टी पाहून तिने विचारले तेव्हा म्हणाला, "तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही." तेव्हापासून कुमुदला एक नवाच नेम लागला. कपडे धुण्याआधी खिसे चाचपायचे. फोनवर त्याचा आवाज खाली आला की भाजी चिरता चिरता कान तिकडे लावायचा. रात्री जाग आली की त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास पाहायचा.

आता तर तिने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. प्रवासाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला तो सांगत होता, "खोली तळमजल्यावरच हवी, जिना चालायचा नाही. डॉक्टर जवळ आहे ना? आणि हे पाहा, घरी एवढ्यात काही बोलू नका."

तिने आडून विचारले, "तळमजला कशाला हो? वरून समुद्र छान दिसेल की."

"मोकळं वाटतं खाली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. "जिन्यात अंधार असतो म्हणे," तो म्हणाला.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे! तिने त्या व्यवस्थापकाला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, मला यात घेऊ नका." दुकानाच्या किल्ल्या पुतण्याकडे गेल्या, तेव्हा तिची खात्रीच पटली. दुखणे उलटले आहे, आणि नवरा तिला न सांगता शेवटचा प्रवास ठरवतो आहे.

गावात एक वृद्ध विदुषी राहत असत. बायकांना स्तोत्रे शिकवीत, अर्थ सांगत. सगळ्या त्यांना माई म्हणत. चैत्रातल्या एका सकाळी कुमुदने त्यांच्यापुढे सारे ओतले आणि शेवटी म्हणाली, "मी सांगून ठेवते माई, मी त्या गावी पाऊल टाकणार नाही."

"त्यांना सरळ विचारलंस का?"

"सरळ विचारलं तर खोटं बोलतील. म्हणून आडून आडून विचारते."

"किती वेळा?"

कुमुद बोटांवर मोजू लागली आणि मध्येच थांबली.

माई उठल्या. तापवून कोमट झालेले दूध त्यांनी दोन वाडग्यांत ओतले, दोन्हींत चमचा चमचा विरजण घातले. एक वाडगा झाकून फळीवर ठेवला आणि दुसरा कुमुदच्या हाती दिला. "हे तुझं. जेवणापर्यंत लागेल. जरा लक्ष ठेव."

कुमुद मनातून खट्टू झाली. इथे माझ्या कुंकवाची काळजी, आणि यांना दह्याची! पण गुरूची आज्ञा. ती वाडग्यापाशी बसली. थोड्या वेळाने झाकण उचलून पाहिले. मग वाडगा किंचित कलता केला. मग बोट बुडवून पाहिले. विरजण कमी पडले असेल, असे वाटून आणखी चमचाभर घातले आणि नीट ढवळले. ऊन लागावे म्हणून खिडकीत नेले, फार तापेल म्हणून परत आणले.

पाने मांडली तेव्हा माईंचे दही सुरीने कापावे असे लागले होते. कुमुदच्या वाडग्यात पाणी आणि गुठळ्या.

"तुमच्या वाडग्यात काही वेगळं होतं," ती संशयाने म्हणाली.

माई मोठ्याने हसल्या. "आता माझ्यावरही का गं? दूध तेच, विरजण तेच. मी लक्ष ठेव म्हटलं होतं, हात घाल म्हटलं नव्हतं." मग त्या गंभीर झाल्या. "आनंदावर विरजण पडलं, असं आपण सहज म्हणतो. पण विरजणानं काही बिघडत नाही, बाळ. बिघडतं ते पुन्हा पुन्हा ढवळण्यानं. प्रश्नसुद्धा विरजणासारखा असावा. एकच चमचा, तळापर्यंत पोचेल असा. मग झाकण ठेवावं. त्यांनी एकदा लपवलं, ती चूक त्यांची. पण तेव्हापासून तू ते भांडं क्षणभर स्थिर राहू दिलं नाहीस. खरं लागणार कसं?"

"आणि खरंच दुखणं निघालं तर?"

"तर तू त्यांच्या शेजारी असशील. आज तू त्यांच्या पाळतीवर आहेस."

एवढे बोलून माईंनी घट्ट दही तिच्या भातावर वाढले आणि ते पाणचट आपल्या पानात घेतले.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. पाणी देऊन ती समोर बसली. "अहो, एकदाच विचारते. तुम्हाला काही होतंय का?"

"मला? नाही."

मुरादाबाद तिच्या जिभेवर आले. किल्ल्या आल्या, जिना आला. तिने पदराचे टोक मुठीत घट्ट धरले आणि गप्प राहिली. तो पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होता. प्रश्न येत नाही असे पाहून त्याने फुलपात्र खाली ठेवले.

मग तो आपणहून बोलला. "तळमजला तुझ्या गुडघ्यांसाठी आहे. डॉक्टर विचारला, कारण मागच्या एकादशीला तुला घेरी आली होती. आणि तिथे दही मिळतं का तेही विचारलं, उपासाला तू दुसरं काही घेत नाहीस. तो म्हणाला, तिथे दह्याशिवाय पान हलत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझ्यासाठी म्हटलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस." तो थांबला. "रात्री तू माझा श्वास बघतेस, कुमुद. मी जागा असतो. मुरादाबादचं खोटं मी बोललो, त्याची ही शिक्षा तुला झाली. म्हटलं, आता हिला कुठेतरी नेऊन नुसतं बसवावं. दुसऱ्या खुर्चीत मी असेन, मान वळवलीस की दिसेन."

कुमुदने डोळे पुसले आणि दूध तापत ठेवले. विरजण घालून, झाकून, वाडगा फळीवर ठेवला.

सकाळी स्नान आटोपून त्याने स्वयंपाकघरात डोकावून विचारले, "लागलं का गं दही?"

ती देवापुढे वात लावत होती. झाकणाकडे न पाहताच म्हणाली, "लागलं असेल."