भागोजीने काही कापलं नाही

कोळसवडीत एक भोळा साउंडवाला होता. गावात भोळे आणखीही होते, पण त्यांच्या हातात माईक नव्हता.

त्याचं नाव भागोजी. त्याची थोरली बहीण मालनआक्का एसटी स्टँडसमोर 'मंजुळ साउंड' नावाचं दुकान चालवायची आणि भागोजी तिथे कॉम्प्युटरवर बसायचा. घोषणा, शुभेच्छा, शोकसंदेश, जे म्हणाल ते रेकॉर्ड करून द्यायचा. एडिटिंगची सगळी बटणं त्याला पाठ होती. कुठलं कधी दाबायचं, तेवढंच राहिलं होतं. आक्काने काही शिकवलं की विसरू नये म्हणून तो रुमालाला गाठ मारायचा.

आक्काचे यजमान बापू. मंगलाष्टकं म्हणावीत तर बापूंनीच, असं पंचक्रोशीत मानायचे. शेवटच्या कडव्यात ते नवरा-नवरीची नावं गुंफायचे आणि मांडवातल्या बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. उरला तो फाटका, खरखरता. तो चारचौघांत काढायची त्यांना लाज वाटे, म्हणून ते पाटीवर लिहून बोलायचे. आणि आता त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, कालिंदीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं.

"बाबांच्या आवाजाशिवाय मी अक्षता पडू देणार नाही," कालिंदी म्हणाली.

बापूंच्या चांगल्या आवाजाची एकच कॅसेट घरात होती. अठरा वर्षांपूर्वीची, खुद्द भागोजीच्या लग्नातली. ती कॉम्प्युटरमध्ये घ्यायची, पेनड्राइव्हवर काढायची आणि मुहूर्ताला लावायची. काम भागोजीचं. हे कळल्यापासून आक्काला जेवण गोड लागेना. तोवर हा तयार व्हावा म्हणून तिने त्याच्यावर लहानसहान कामं सोपवायला सुरुवात केली.

पहिलं काम घंटागाडीचं. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, एवढंच गाडीवर वाजायचं होतं. भागोजीने रेकॉर्ड केलं, नीट एडिट केलं आणि प्रोजेक्ट फाईल पेनड्राइव्हवर टाकली. ड्रायव्हर म्हणाला, "माझा डबा फक्त एमपीथ्री वाजवतो." भागोजीने लगेच फाईलच्या नावापुढे एमपीथ्री असं लिहून दिलं.

गाडी सगळं गाव मुकी फिरली. कोणी कचरा आणला नाही. गाडी आली होती हेच कोणाला कळलं नाही.

"आरं भाग्या, प्रोजेक्ट म्हंजी नुसती यादी असती!" आक्का म्हणाली. "कुठला आवाज कुठं ठेवलाय, त्याची यादी. आवाज त्यात नसतोच. नाव बदलून काय होतंय? एक्सपोर्ट करायचं, तवा आवाज बाहेर निघतो."

"मग काय देऊ?"

"आवाज दे की! जेवढा रेकॉर्ड केलास तेवढा समदा आवाज दे!"

भागोजीने रुमालाला गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात दूध संघाचे जुने चेअरमन तात्या वारले. शोकसभा ठेवली. सेक्रेटरींना स्टेजवर रडू फुटायचं, म्हणून ते आधीच दुकानात येऊन शोकसंदेश रेकॉर्ड करून गेले. रेकॉर्डिंग नऊ वेळा घ्यावं लागलं. भागोजीला गाठ आठवली. त्याने नऊच्या नऊ वेळा एकापुढे एक जोडल्या आणि सगळा आवाज एक्सपोर्ट केला.

शोकसभेत गाव खाली मान घालून बसलं होतं. भोंग्यातून सेक्रेटरी बोलू लागले.

"तात्या गेले. संघ पोरका झाला. थांब रे, चहात माशी पडली."

कोणीतरी खोकलं.

"तात्या गेले. संघ पोरका... कितीला गेले रं? साडेसातला? हं. परत घेतो. तात्या गेले..."

असे तात्या नऊ वेळा गेले. पाचव्या वेळेनंतर तात्यांच्या बायकोलाही पदराआड हसू आवरेना.

"भाग्या, खोकला, शिंका, चहा, हे ठेवतं का कोणी?" आक्काने कपाळावर हात मारला. "नको ते समदं काप! जिथं कुणी बोलत न्हाई ती मोकळी जागा पण काप. कामाचं बोलणं तेवढं ठेवायचं."

भागोजीने दुसरी गाठ मारली.

मग आला ज्येष्ठ नागरिक संघ. निवृत्त मुख्याध्यापक डोंगरे सर रोज सकाळी मैदानात प्राणायाम घ्यायचे. त्यांना चार दिवस परगावी जायचं होतं, म्हणून त्यांनी आपल्या आवाजात वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग करून घेतलं. श्वास घ्या, मग बरंच काही नाही. श्वास सोडा, मग पुन्हा बरंच काही नाही.

भागोजीने पडद्यावर पाहिलं. मोकळी जागाच मोकळी जागा! असा गचाळ माल आपल्या दुकानातून जाऊ द्यायचा का? त्याने दुपारभर बसून एकूण एक मोकळी जागा कापली. वीस मिनिटांची फाईल अडीच मिनिटांवर आणली. तिच्याकडे बघून त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस म्हातारे पाठ ताठ करून, डोळे मिटून बसले. भोंगा सुरू झाला.

"श्वास घ्या सोडा घ्या सोडा उजवी नाकपुडी डावी नाकपुडी घ्या सोडा घ्या..."

सर पूर्वी छडीचे मास्तर होते. त्यांच्या आवाजापुढे थांबायची कोणाची छाती नव्हती. अडीच मिनिटांनी एकवीसही जण आडवे होते आणि संघाच्या अध्यक्षांची कवळी गवतात सापडली.

या वेळी आक्का खरोखर भडकली. "आता एक सांगते ते नीट ऐक. काही म्हंजी काही कापायचं न्हाई! मूळ जेवढं असंल तेवढंच बाहेर आलं पायजे. ह्यापुढं मी सांगितलं तरी कापायचं न्हाई!"

"तू सांगितलंस तरी?"

"मी पाया पडले तरी!"

भागोजीने तिसरी गाठ मारली. ही त्याने दातांनी ओढून घट्ट केली.

लग्नाला दोन दिवस राहिले. दारात मांडव, घरात पाहुणे, आणि आक्का लाडवांच्या परातीत. भागोजीने दुकानातला कॉम्प्युटर घरी आणून कॅसेट त्यात घेतली. बापूंचा आवाज निघाला, खणखणीत, भरलेला. ओट्यावर बसलेले बापू तो ऐकून उठले आणि परसात निघून गेले. पाटी तिथेच राहिली.

आक्काने डोळे पुसले आणि स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "भाग्या, शेवटच्या कडव्यात तुमची दोघांची नावं हायती. तेवढं कडवं काप! ते गुरुजी म्हणतील, कालिंदीचं नाव घालून."

भागोजी विचारात पडला. मग त्याने रुमाल काढून पाहिला. तिसरी गाठ. हेच ते, आक्काने सांगितलं तरी! त्याला बहिणीची दया आली. लग्नाच्या धांदलीत बिचारी स्वतःच शिकवलेलं विसरली होती. पण तो विसरला नव्हता.

"कापलंस का रं?" संध्याकाळी आक्काने विचारलं.

"तू काळजी करू नगंस," भागोजी म्हणाला. "तू शिकवलंस तसंच केलंय."

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. भागोजी नवरीचा मामा, त्यामुळे त्याची जागा कालिंदीच्या पाठीशी. अंतरपाट धरायच्या आधी गुरुजींनी नवऱ्यामुलाला, विक्रांतला, समजावलं, "कॅसेटवर मंगलाष्टकं होतील. मग तुमचं नाव येईल. सावधान झालं, अंतरपाट सरला, की आधी मुलगी हार घालेल, मग तुम्ही. नाव आलेल्याने गांगरून उभं राहायचं नाही. हार घ्यायचा आणि घालायचा."

हे भागोजीनेही ऐकलं. गुरुजी मोठे माणूस. त्याने घाईघाईने चौथी गाठ मारली, बटण दाबलं आणि कालिंदीमागे जाऊन उभा राहिला.

बापूंचा आवाज मांडवभर पसरला. चुळबुळणारी पोरंसुद्धा गप्प झाली. कालिंदीच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. कोपऱ्यात बापू मांडीवर पाटी घेऊन, डोळे मिटून बसले होते. आक्काने भावाकडे पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. जमलं की भाग्याला!

आणि मग शेवटचं कडवं आलं.

"भागोजी वर शोभला, सजविली हौसा वधू साजिरी..."

सावधान झालं. सवयीने अक्षता पडल्या. सवयीने वाजंत्री वाजली. अंतरपाट सरला आणि मग सगळा मांडव एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागला. लग्न लागलं होतं, पण ते भागोजीचं.

"थांबवा!" गुरुजी ओरडले. "हे लग्न धरता येणार नाही! मुहूर्ताला तीन मिनिटं उरलीत, नावं घेऊन पुन्हा म्हणायला हवं." ते स्वतः म्हणायला पुढे झाले, पण कालिंदीने मान हलवली. "मामाचं नाव बाबांच्या आवाजात आलं, आता माझंही बाबांच्याच आवाजात," ती म्हणाली.

तेव्हा कोपऱ्यातून बापू उठले. पाटी खाली ठेवली. चालत येऊन त्यांनी माईक हातात घेतला. वर्षभरात पहिल्यांदा ते लोकांसमोर बोलले. आवाज फुटका होता, दर शब्दाला अडत होता. पण ते पूर्ण कडवं म्हणाले. 'विक्रांत' म्हणाले, 'कालिंदी' म्हणाले आणि शेवटी 'सावधान' म्हणाले. मांडवात असा एकही माणूस नव्हता ज्याचे डोळे ओले झाले नाहीत. मला सांगणाऱ्याचेही सांगताना झाले.

कालिंदीने हसत-रडत विक्रांतच्या गळ्यात हार घातला.

"आता तुम्ही," गुरुजी विक्रांतला म्हणाले.

विक्रांतने हात पुढे केले. हात रिकामे होते.

"हार कुठाय?"

"तो मघाशी... मामांनी नेला," विक्रांत म्हणाला.

सगळ्यांनी नवरीच्या मागे पाहिलं. मामा तिथे नव्हता. तो बायकांच्या पहिल्या रांगेपाशी उभा होता, टोपी सरळ करून. शेजारी त्याची बायको हौसाबाई. तिच्या गळ्यात निशिगंधाचा तो हार होता, आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आरं मेल्या, हे काय केलंस?" आक्का किंचाळली.

"गुरुजीच म्हणाले की," भागोजी म्हणाला. "नाव आलं की हार घ्यायचा आणि घालायचा. माझं नाव आलं."

"काढ तो! मुहूर्त चाललाय!"

"राहू द्या, वन्सं," हौसाबाई पदर सावरत म्हणाली. "अठरा वर्षांत यांनी पहिल्यांदा कुणाचं ऐकून काम वेळेत केलंय."

गुरुजी घड्याळाकडे बघत होते. विक्रांत रिकाम्या हातांकडे बघत होता. भागोजी मात्र जागचा हलला नाही. मान खाली वाकवून तो कसली तरी वाट बघत राहिला.

"आता काय?" आक्का रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हिचा हार माझ्या गळ्यात यायचा राहिलाय," भागोजी म्हणाला. "जावईबापूंच्या गळ्यातला काढून द्या की जरा लवकर, आमचा मुहूर्त टळतोय."